३६ फुटी शिडाच्या बोटीवर उकाडा आणि थंडी: एक मशीन की दोन?

सुकाणू_३६ (अ‍ॅनापोलिस, मेरीलँड)

मंडळी, आम्ही तिघं (मी, बायको, आठवीतली मुलगी) यंदा भाड्याचं घर सोडून बोटीवरच राहायला जाणार आहोत. बोट ३६ फुटी स्लूप (एका डोलकाठीची), १९८० च्या दशकातली, फायबरची, आतून इन्सुलेशन शून्य. जुलैत रात्री अकरालाही खाली केबिनमध्ये अंगाला कपडे चिकटतात. हिवाळा अजून बोटीवर काढलेला नाही.

मरिनात १२० व्होल्ट, ३० अँपिअरचं एकच कनेक्शन मिळतं. डिझेलची टाकी ३० गॅलनची. इलेक्ट्रिशियन म्हणतो, १६,००० बीटीयूचा (एसीची ताकद मोजायचं माप) रिव्हर्स सायकल एसी बसवा, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम, विषय संपला. शेजारच्या बोटीवरचे आजोबा म्हणतात, डिझेल हीटरशिवाय फेब्रुवारी निघणार नाही. दोन्हीचा खर्च खरंच करावा लागेल का? आणि केलाच तर दोघांना एकच डक्ट (हवेची नळी) चालेल का? जागा क्वार्टर बर्थखाली (मागच्या बाजूच्या झोपायच्या फळीखाली) आहे, शिवाय एक कॉकपिट लॉकर (सुकाणूजवळच्या बाकाखालचा कप्पा).

ओले_मोजे (साउथॅम्प्टन)

आमच्याकडे एसीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे त्यावर गप्प बसतो. ३३ फुटीवर २ किलोवॅटचा डिझेल हीटर आहे, भागतं. मात्र ऊब आणि ओल ही दोन वेगळी दुखणी आहेत. तिघांचा श्वास, चहाची वाफ, ओले टॉवेल, हे सगळं रात्री थंड फायबरवर पाणी होऊन बसतं. गादी उचलून बघाल तर खाली चक्क ओल. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला, लॉकरच्या दारांना भोकं पाडा, आणि हीटरला आत येणारी हवा थोडी तरी बाहेरून घ्या. आतलीच हवा फिरवत राहिलात तर ओलही तीच फिरते.

जुना_चीफ (बाल्टिमोर)

सुकाणू, आजोबांचं ऐका. तुमच्या इलेक्ट्रिशियनने विजेचा हिशोब केला, पाण्याचा केला नाही. माझी सगळी नोकरी इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे मला आधी पाणी दिसतं.

घरचा एसी उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, बोटीवरचा समुद्राच्या पाण्यात. रिव्हर्स सायकल म्हणजे त्याचं उलट: पाण्यातली उष्णता ओढून केबिनमध्ये आणायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे उत्तम चालतं. पण आपली चेसापीक खाडी उथळ आहे, सरासरी खोली साडेसहा मीटरसुद्धा नाही. ती लवकर तापते आणि लवकर गारठते. जुलैत २७-२८ अंशांचं पाणी फेब्रुवारीत तुमच्याकडे ३ अंशांच्या आसपास येतं. त्यातूनही मशीन उष्णता काढायला लागलं की कॉइलमधलंच पाणी गोठायला बघतं. ४-५ अंशांच्या खाली त्याचा भरवसा धरू नका. जी रात्र सर्वात वाईट, त्याच रात्री ते बंद पडणार. फ्लोरिडात राहत असतात तर मीही एकच मशीन घ्या म्हणालो असतो.

आता आकार. डेकखालच्या केबिनला चौरस फुटामागे ६० बीटीयू, काचा आणि ऊन जास्त असेल तर ९० पर्यंत, असा ढोबळ हिशोब लावतात. तुमची राहती जागा १७०-१८० चौरस फूट धरली तर अकरा ते सोळा हजार येतात. मी १२ हजारच घेईन. मोठं मशीन झटकन गार करून थांबतं, हवेतली दमट वाफ तशीच राहते, आणि इथे वैरी ती वाफच आहे. डेकवर दिवसा ताडपत्रीची सावली धरा, फरक लगेच कळेल. शिवाय ३० अँपिअरवर सतत २४ च्या वर ओढू नये. एसीचे दहाएक, १५०० वॅटच्या केटलचे साडेबारा, झालं पोट भरलं. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर तीन-चार पट ओढतो, म्हणून सॉफ्ट स्टार्टर लावून घ्या. किनाऱ्याच्या वायरचा बोटीकडचा प्लग अधूनमधून हाताने तपासा. गरम लागला किंवा पिन काळी दिसली तर बदला, घासून पुन्हा वापरू नका.

खरी मेख नळ्यांमध्ये आहे. एसीच्या समुद्री पाण्याचा पंप बहुधा मॅग्नेटिक ड्राइव्हचा असतो, तो स्वतः पाणी ओढून घेत नाही. त्यामुळे स्ट्रेनर (पाणी गाळणारा डबा) आणि पंप दोन्ही पाण्याच्या रेषेखाली, स्ट्रेनर पंपाच्याही खाली. सी-कॉकपासून (तळाच्या छिद्रावरची तोटी) कंडेन्सरपर्यंत (एसीचा ज्यातून हे पाणी फिरतं तो भाग) नळी सतत चढती हवी. मधे एक जरी उंचवटा आला तर तिथे हवा अडकते, पंप गरगर फिरतो आणि पाणी पुढे सरकत नाही. नळी बसवणाऱ्या माणसाला जाणवत नाही, कारण लॉकरमध्ये तिला आधार म्हणून एक वळसा देणं हाताला सोपं जातं. तो वळसाच काढून टाकायचा. तळाचं छिद्र एसीसाठी स्वतंत्र ठेवा, इंजिनच्या पाण्यात वाटेकरी नको. पाणी बाहेर पडतं ते तोंड रेषेच्या थोडं वर, धक्क्यावरून दिसेल असं. बोटाएवढी जाड अखंड धार पडत असली तर निर्धास्त झोपा. धार तुटक झाली की आधी स्ट्रेनर उघडा. आपल्या खाडीत उन्हाळ्यात जेलीफिश भरतात, एका भरतीत स्ट्रेनरच्या डब्यात नुसता गिळगिळीत गोळा जमतो. हे करताना सी-कॉक बंद करायला विसरू नका, आणि हातमोजे घाला, ते चावतं.

एसीच्या ट्रेमध्ये दमट दिवसांत बादलीभर पाणी साचू शकतं. ते बिल्जमध्ये (बोटीच्या सर्वात खालच्या पोकळीत) सोडू नका. वेगळ्या संपमध्ये (छोट्या टाकीत), त्याचा स्वतःचा छोटा पंप. इंजिनाच्या बिल्जला जोडलेली नळी ट्रेला लागली तर ब्लोअर तिथलीच हवा ओढून केबिनभर पसरवतो.

हीटरचं. तिघं राहणार, इन्सुलेशन नाही, तर ४ किलोवॅटचा. वेबास्टो किंवा एबरस्पेशर, ज्याची दुरुस्ती तुमच्या गावात होते तो. ४ किलोवॅटचे हीटर मंद आचेवर तासाला सव्वाशे-दीडशे मिलिलिटर, पूर्ण जोरावर अर्धा लिटर डिझेल पितात. गार दिवसाला सहा-सात लिटर धरा. सतत मंद ठेवला तर आत काजळी धरते, रोज थोडा वेळ पूर्ण जोरावर चालवा.

एकच डक्ट मात्र नको. गार हवा खाली बसते, गरम वर चढते. एसीची जाळी छताजवळ, हीटरची पायाशी. दोघांना एकाच नळीत कोंबलं तर एकाचं तरी वाटोळं होतं. एसी क्वार्टर बर्थखाली, हीटर कॉकपिट लॉकरमध्ये, असं माझं मत.

मुरिंगवाला (मुंबई)

गेटवेसमोर मुरिंगवर (पाण्यात नांगरलेल्या बोयाला बांधून) बोट ठेवणाऱ्याला हे वाचून अंमळ हेवा वाटला. किनाऱ्याची वायर आमच्या नशिबात नाही, त्यामुळे एसीही नाही. पुढच्या हॅचवर (डेकमधल्या झडपेवर) विंडस्कूप (वारा आत वळवणारं कापड) आणि १२ व्होल्टचे दोन पंखे, एवढ्यावर एप्रिल-मे काढायचा. मुरिंगवर बोट वाऱ्याला नाक देऊन उभी राहते म्हणून जमतं. ओहोटीची ओढ वाऱ्याहून जोरात असली की ती आडवी होते आणि पंखे लावूनही आत घामाघूम. पावसाळ्यात बोट बाहेर काढून ठेवतो, तेव्हा ओलीचं काय होतं ते विचारू नका. चीफसाहेब म्हणतात त्या सावलीला मात्र दहापैकी दहा. तापलेल्या डेकवर अनवाणी उभं राहता येत नाही, त्याच डेकखाली आपण झोपतो.

सुकाणू_३६

चीफ काका, फार उपयोगी. दोन शंका. बायको म्हणते, झोपेत धूर आत आला तर? आणि जानेवारीत एसीच्या नळ्यांतलं पाणी गोठून कंडेन्सर फुटणार नाही का?

जुना_चीफ

वहिनींचा प्रश्न आधी. हीटरमध्ये जळणारी हवा आणि तुम्हाला मिळणारी हवा कधी मिसळत नाहीत, मधे धातूची भिंत असते. धोका सांध्यांचा. एक्झॉस्टची (धुराची) नळी पूर्ण लॅगिंगमध्ये (उष्णता अडवणाऱ्या आवरणात) गुंडाळा, क्लॅम्प घट्ट, आणि लॉकरमध्ये तिला दोरखंड किंवा लाइफजॅकेट टेकणार नाही अशी फळी घाला. ती बाहेर पडण्याआधी उंच कमान घेऊ द्या, लाट आत शिरायला नको. तोंड ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर), हॅच आणि हवेच्या जाळ्यांपासून दूर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही झोपण्याच्या केबिनमध्ये एकेक, हा खर्च वाचवायचा नाही. हीटर बंद करताना त्याच्या स्वतःच्या बटणानेच करा. बॅटरीचा मुख्य स्विच ओढलात तर पंखा आत थंड करण्याआधीच थांबतो आणि तापलेलं मशीन तसंच राहतं. मुलीलाही हे दाखवून ठेवा.

दुसरं, हो, फुटेल. पाणी ६-७ अंशांवर आलं की एसीचं सी-कॉक बंद करून त्या नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरून टाका, प्रोपिलीन ग्लायकॉलचं, गाडीतलं विषारी नको. बाहेरच्या तोंडातून गुलाबी पडेपर्यंत पंप चालवायचा. मग मार्चअखेरपर्यंत त्याला हात लावू नका.

आणि हीटरची इंधननळी टाकीत तळापर्यंत नेऊ नका, काही इंच वर ठेवा. म्हणजे हीटरने डिझेल संपवलं तरी इंजिनापुरतं उरतं. तुमच्या मरिनाचा फ्युएल डॉक हिवाळ्यात चालू असतो का, हे आत्ताच विचारा. बरेच बंद असतात. तीस गॅलन म्हणजे एकशे तेरा लिटर, पंधरा-सोळा दिवसांत संपेल, मग गाडीतून कॅन आणावे लागतील.