सोयाबीनला डीएपीच का? गंधकाला ‘खूळ’ म्हणणाऱ्यांना उत्तर

औसेकर
काल इथं एकांनी लिहिलं, “सोयाबीनला एकरी एक बॅग डीएपी टाका आणि मोकळे व्हा. गंधक-बिंधक हे दुकानदारांचं खूळ आहे.” खाली सगळ्यांच्या माना डोलल्या, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्याकडची शिफारस हेक्टरी ३०:६०:३० आणि वर २० किलो गंधक. म्हणजे एकरी नत्र (नायट्रोजन) १२, स्फुरद (फॉस्फरस) २४, पालाश (पोटॅशियम) १२, गंधक ८ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद. पालाश नाही, गंधक नाही. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगांत २४ किलो स्फुरद येतं आणि साडेसोळा किलो गंधक त्याच पैशात पदरात पडतं. वर नत्रासाठी पंचवीसेक किलो युरिया, पालाशासाठी २० किलो पोटॅश खत. झालं की!

सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि १८-२० टक्के तेल. मिथिओनिन, सिस्टीन ही अमिनो आम्लं गंधकाशिवाय बनत नाहीत. मुळांवरच्या गाठींमधल्या ज्या विकरामुळं (एन्झाइममुळं) हवेतला नत्र पकडला जातो, त्यातही गंधक असतं. फुलोऱ्याच्या वेळी आमच्या वावरातली झाडं उपटून गाठी नखानं फोडल्या. सुपरच्या बाजूला आत लालबुंद, म्हणजे नत्र पकडणाऱ्या; डीएपी आणि वरून युरिया दिलेल्या बाजूला फिक्या हिरवट. हे खूळ आहे का?

तेरणाकाठ
कालची पोस्ट माझीच. दादा, तुमच्याच वाक्यात उत्तर आहे. त्या बाजूला वरून युरिया दिला म्हणताय. आयता नत्र मिळाल्यावर झाड गाठी कशाला पोसेल? दोष युरियाचा आणि फासावर डीएपी!

आणि पेरणीच्या दिवसाचं बोला. एका बॅगेच्या जागी तीन बॅगा, तिप्पट हमाली. दमट हवेत भुकटी सुपर पेरणीयंत्राच्या पेटीत गोळा होतं, नळ्या चोंदतात, मागं बघितलं तर पेरणीच्या चार ओळी बिनखताच्या गेलेल्या. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, दोन दिवसांचा असतो, ते शिफारस लिहिणाऱ्यांना कोण सांगणार?

औसेकर
युरियाचा मुद्दा घ्या, तेवढा तुमचा. पण गंधकाला खूळ म्हणालात, त्याचं उत्तर अजून दिलं नाहीत. आणि सुपर दाणेदारही मिळतं.

अकोटवाला
काहून भांडता भाऊ? डीएपी भेटते का, ते सांगा आधी! १३५० ची बॅग मागितली तर दुकानदार म्हणे सोबत हे दुसरं घ्या, नाहीतर माल नाही. ह्या लिंकिंगवर कोणी बोलत नाही. मले असंच दाणेदार ९० टक्के गंधक गळ्यात मारलं. काढणीच्या वेळी गंधकाचे पिवळे दाणे वावरात जसेच्या तसे!

औसेकर
लिंकिंगचा राग रास्त आहे. पण ते मूलद्रव्य गंधक. जमिनीतल्या जिवाणूंनी त्याचं सल्फेट केल्याशिवाय मुळाला ते घेताच येत नाही, आणि त्याला ओल आणि वेळ दोन्ही लागतं. सुपरमध्ये किंवा २०:२०:०:१३ या खतामध्ये ते आधीच सल्फेट असतं.

घाण्याची ताई
माझा लाकडी घाणा आहे. भुईमुगाला आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना जिप्सम दिलेल्या शेतकऱ्यांचा दाणा टपोरा येतो. न दिलेल्यांच्या निम्म्या शेंगा पोचट, हातात घेतल्या की खुळखुळतात. शेंग जमिनीतच भरते आणि तिला लागणारं कॅल्शियम ती भोवतालच्या मातीतूनच घेते. जिप्सममधून कॅल्शियम आणि गंधक दोन्ही मिळतं. तुम्ही सगळे सोयाबीनपाशीच अडलात.

अडतकट्टा
ताई, तुमच्या घाण्यावर तेलाचा उतारा लगेच दिसतो. आमच्या अडतीवर ओलावा, माती, डागी दाणे बघतात. १०-२-२ चा, म्हणजे ओलावा १०, माती २, डागी २ टक्के असा माल असला की झालं. तेल १८ टक्के का २० टक्के, कोणी विचारत नाही. मग शेतकऱ्यानं तेलासाठी खत का घालावं?

तेरणाकाठ
हेच म्हणतोय मी!

घाण्याची ताई
का विचारत नाहीत? दुधाला फॅट लावून भाव देतातच ना? सोयाबीनचं तेल काढणाऱ्या प्लँटवाल्यांकडे प्रयोगशाळा आहे, त्यांना तेलाचा टक्का माहीत असतो. फक्त शेतकऱ्याला सांगत नाहीत.

अडतकट्टा
प्लँटवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलाचं मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्के केलं, ते कोणी केलं? बाहेरचं तेल स्वस्त आल्यावर इथल्या तेलाला कोण जादा देईल?

अकोटवाला
म्हणजे कापायचं शेवटी शेतकऱ्यालेच! २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये, आणि कट्ट्यावर ओलावा दाखवून किती हातात ठेवता ते सांगा ना.

अडतकट्टा
पंधरा टक्के ओलावा घेऊन येता आणि हमीभाव मागता. हमीभाव १२ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला आहे.

अकोटवाला
वाळवाले ऊन कुठून आणू, ऑक्टोबरात पाणी पडून राहिलं तर?

औसेकर
आयातशुल्काचा वेगळा धागा काढा, मीही येतो भांडायला. पण तेलाला भाव नाही म्हणून गंधक टाकू नये, हे चूक आहे. गंधक कमी पडलं की वरची कोवळी पानं पिवळी पडतात, शेंगा कमी लागतात. ते काट्यावर वजनातच दिसतं. माती तपासा. उपलब्ध गंधक १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १० भाग) खाली असेल तर घाला, वर असेल तर मी तुम्हाला सुपर घ्या म्हणणार नाही.

तेरणाकाठ
हे आधी लिहिलं असतं तर एवढं लांबलं नसतं. ठीक आहे, खूळ हा शब्द मागं घेतो. यंदा दोन एकर दाणेदार सुपरवर पेरतो. बाकी डीएपीवरच, आणि बॅगा उतरवायला तुम्ही यायचं.

औसेकर
येतो. पण दोन्हीकडं नत्र आणि पोटॅश सारखं ठेवा, वरून युरिया कुठंच टाकू नका, आणि गाठी फोडायला मला बोलवा.