विमानाचा भाग उड्डाणात सुटून पडतो, तो नेमका कसा?

कुर्ला_पश्चिम
फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईहून भूजला निघालेल्या अलायन्स एअरच्या एटीआर विमानाचं इंजिनवरचं झाकण धावपट्टीवरच पडलं. सप्टेंबर २०२५ मध्ये कांडल्याहून मुंबईला येणाऱ्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानाचं चाक उड्डाणावेळी निखळलं. दोन्ही विमानं सुखरूप उतरली, ते ठीक. पण इतक्या सह्या-शिक्क्यांतून गेलेली वस्तू सुटते कशी? धातू थकतो, की कुणी लावायचं विसरतं? की हा स्वस्त तिकिटांचा परिणाम? आणि असा तुकडा गच्चीवर येऊन पडला तर करायचं काय?

लॅच_आणि_चहा
झाकणाच्या बाबतीत बहुतेक वेळा विसरणंच. इंजिनचं तेल बघायला काउल, म्हणजे हे झाकण, वरचेवर उघडावा लागतो, म्हणून तो लॅचवर, म्हणजे खटक्यांवर, बंद होतो. एअरबसच्या ए-३२० घराण्यात हे लॅच इंजिनच्या पोटाखाली असतात. उभ्याने दिसत नाहीत, गुडघे टेकून, कधी आडवं होऊन बघावं लागतं, आणि पावसात ओल्या डांबरावर ते कुणाला आवडत नाही. त्यात आणखी एक गोम: काउल खाली घेतला की होल्ड-ओपनवर, म्हणजे त्याला किंचित उघडा धरणाऱ्या टेकूवर, तो थोडी फट ठेवून टेकतो. चार पावलांवरून बंदच वाटतो. विमानाने वेग घेतला की हवा त्या फटीत शिरते आणि अख्खा पत्रा उचकटते.

२४ मे २०१३, हीथ्रो. ब्रिटिश एअरवेजच्या ए-३१९ चे दोन्ही इंजिनांचे काउल उडाले, इंधनाची नळी फुटली, परत येताना उजव्या इंजिनला आग. रात्रपाळीच्या तंत्रज्ञांनी जनरेटरचं तेल बघायला काउल उघडले होते. तेल भरायचं सामान आणायला गेले आणि परतले ते दुसऱ्याच विमानापाशी. तिथले काउल बंद दिसले, वाटलं कुणीतरी लावले असतील. सकाळी वैमानिकाच्या फेरीतही ते निसटलं. ही काही स्वस्तातली कंपनी नव्हे.

नंतर युरोपात यावर किल्ली आली. लॅच पक्का बसल्याशिवाय ती निघतच नाही, तिला लांब फीत असते आणि उड्डाणाआधी ती कॉकपिटमध्ये ठेवलेली हवी. ‘नीट बघा’ असं शंभर परिपत्रकांत लिहिण्यापेक्षा हे बरं.

टॉर्क_रेंच
चाकाचं गणित वेगळं. कांडल्याच्या घटनेबद्दल बोलत नाही, एकूण सांगतो. अ‍ॅक्सलचं, म्हणजे चाकाच्या आसाचं, नट दोनदा आवळतात. आधी चाक हाताने फिरवत जास्त टॉर्कने (पिळण्याच्या जोराने), म्हणजे बेअरिंगचे रोलर जागेवर बसतात. मग सैल करून कमी टॉर्कने, शेवटी लॉक. चाक न फिरवता आवळलं तर टॉर्क रेंच, म्हणजे हा जोर मोजणारा पाना, बरोबर आकडा दाखवतं, पण रोलर बसलेलेच नसतात. ग्रीस कमी पडलं तर बेअरिंग तापून जाम होतं, आणि मग नट आणि अ‍ॅक्सल दोन्ही खातं. क्यू-४०० ला प्रत्येक मुख्य पायाला दोन चाकं असतात, म्हणून एक गेलं तरी दुसरं भार घेतं.

आणि विसरणं हँगरपुरतं, म्हणजे दुरुस्तीच्या शेडपुरतं, नाही; कारखान्यातही होतं. ५ जानेवारी २०२४ ला पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ चा दाराचा प्लग, म्हणजे न लागणाऱ्या दाराची जागा बुजवणारं पॅनेल, उडाला. हवेचा दाब त्याचे १२ स्टॉप, म्हणजे अडवणारे टेकू, झेलतात. ४ बोल्टचं काम एवढंच की प्लग वर सरकू नये. बोइंगच्या रेंटनच्या कारखान्यात रिवेट दुरुस्त करायला तो उघडला होता, पण उघडल्याची नोंदच झाली नाही. नोंद नाही म्हणून तपासणी नाही, आणि बोल्ट राहिले ते राहिलेच.

कुर्ला_पश्चिम
म्हणजे धातू थकल्याचं उदाहरण नाहीच?

लॅच_आणि_चहा
आहे की. २० फेब्रुवारी २०२१, डेन्व्हर, युनायटेडचं ७७७. इंजिनच्या पुढच्या फॅनचं पोकळ टायटॅनियमचं पातं आतून चिरत गेलं आणि तुटलं, इंजिनच्या तोंडाचं भलंमोठं कडं ब्रूमफील्डच्या वस्तीत पडलं. आतली चीर नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही, त्यासाठी पात्यात कंपनं सोडून कुठे तापतंय ते उष्णतेच्या कॅमेऱ्याने बघतात.

धावपट्टी_२७
गच्चीइतकीच धावपट्टीची काळजी करा. जुलै २००० मध्ये पॅरिसला काँकॉर्ड या प्रवासी विमानाचा टायर फाडला तो पाच मिनिटं आधी उडालेल्या डीसी-१० विमानाच्या इंजिनवरची साधारण ४३ सेंटिमीटरची धातूची पट्टी पडली होती तिने. मूळ पट्टी स्टीलची, दुरुस्तीत बदलून बसवलेली टायटॅनियमची. ती जिथे बसते त्या आधारपट्टीवर १२ भोकं लागतात, होती ३७. त्या अपघातात ११३ माणसं गेली.

आता गच्ची. निळसर बर्फ असेल तर तो टॉयलेटच्या गळक्या ड्रेन व्हॉल्व्हचा, हात लावू नका. मुद्दाम कुणी रिकामं करत नाही, ती सोय फक्त जमिनीवर बाहेरून असते. तरी २०१६ मध्ये हरित लवादाने यासाठी विमान कंपन्यांना ५० हजारांचा दंड सांगितला. धातूचा तुकडा असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, पोलिसांना कळवा. त्यावरचा पार्ट नंबर दिसला तर तोही टिपा. तुटलेली कड मात्र पुसू नका आणि दोन तुकडे जुळतात का म्हणून एकमेकांवर घासूनही बघू नका, चीर कुठून सुरू झाली ते तिथेच कळतं.