रिबेरा देल दुएरोच्या वाइनचा तुरटपणा: मदत हवी आहे

नमस्कार. स्पेनमधील रिबेरा देल दुएरो भागातील ‘रेसेर्वा’ लाल वाइन गेल्या शनिवारी प्रथमच उघडली. तिच्या आस्वादाबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. ती तेंप्रानियो द्राक्षांची आहे आणि रेसेर्वा म्हणजे किमान 36 महिने मुरवलेली, त्यांपैकी किमान 12 महिने ओकच्या पिंपात, एवढे मला ठाऊक आहे.

बूच काढताच घेतलेल्या पहिल्या घोटात लाकूड आणि व्हॅनिला एवढेच जाणवले, आणि जांभळे खाल्ल्यावर जीभ जशी जड होते व हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात, तसा तुरटपणा बराच वेळ रेंगाळला. उरलेली अर्धी बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी मात्र तीच वाइन इतकी मऊ झाली होती, आणि पिकलेल्या काळ्या फळांच्या मागून तंबाखूच्या पानाचा असा सुरेख गंध येत होता, की पहिल्या दिवशी घाई केल्याची मनापासून हळहळ वाटली.

अशी वाइन हवा लागावी म्हणून डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या रुंद सुरईत, ओतून किती वेळ ठेवावी? ती 16 ते 18 अंशांना प्यावी म्हणतात, पण पुण्याच्या उन्हाळ्यात खोलीच 30 अंशांच्या वर असते. अशा वेळी बाटली फ्रिजमध्ये किती मिनिटे ठेवता? त्या भागात हिच्यासोबत भट्टीत भाजलेले कोवळे कोकरू खातात. आपल्या झणझणीत रश्श्याने तोंड अधिकच पोळते, हे मी अनुभवले आहे. तेव्हा मटणाचा कोणता कमी तिखट प्रकार आपण हिच्याबरोबर करून पाहिला आहे, तेही कृपया सांगावे.