फास्ट निगेटिव्ह म्हणजे पोट सुरक्षित नव्हे

सर्जन_सोलापूर: "फास्ट निगेटिव्ह आलं की सीटीचा खर्च कशाला?" ही कालची पोस्ट धोकादायक आहे. फास्ट म्हणजे अपघातग्रस्ताची झटपट सोनोग्राफी; ती फक्त पोटात सांडलेलं किंवा हृदयाभोवती साठलेलं रक्त दाखवते. फुटलेलं आतडं, मूत्रपिंडाभोवतीचं किंवा कटिभागाच्या फ्रॅक्चरमागचं रक्त त्यात सापडत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2018च्या कॉक्रेन आढाव्यात पोटाच्या मारासाठी सेन्सिटिव्हिटी (खरी इजा पकडण्याचं प्रमाण) जेमतेम 68 टक्के. तिघांतला एक सुटतो!

ईआर_नाशिक: सगळे रुग्ण एकत्र मोजल्यावरचा आकडा आहे तो. मॉरिसन पाउचमध्ये (यकृत आणि उजव्या मूत्रपिंडामधल्या फटीत) द्रव दिसायला सरासरी 600 मिलीच्या आसपास लागतो. बीपी 80पर्यंत पडलेल्याच्या पोटातच रक्तस्राव असेल, तर तेवढं सहसा साठलेलं असतं. त्याला सीटीला पाठवायचं का?

सर्जन_सोलापूर: बीपी पडलेल्याबद्दल वाद नाहीच. पोस्ट स्थिर रुग्णाबद्दल होती, ती नीट वाचा.

रेडिओ_पुणे: चुका हाताच्या आहेत. यकृताचं खालचं टोक न बघता प्रोब (सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग) उचलतात. रक्त बऱ्याचदा आधी तिथेच दिसतं. डावीकडे प्लीहा आणि मूत्रपिंड यांच्यामध्येच शोधतात, प्लीहेच्या वर डायफ्रॅमखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली) बघतच नाहीत. आधी कॅथेटर टाकून मूत्राशय रिकामं करतात, मग भरल्या मूत्राशयाच्या खिडकीविना खाली दिसणार काय? गेन (चित्राचा उजळपणा) कमी न केल्यास भरल्या मूत्राशयामागचा पातळ थर झाकला जातो. गोठलेलं रक्त पडद्यावर पातळ रक्तासारखं काळं नव्हे, करडं दिसतं आणि सुटतं. म्हणून प्रोब रेडिओलॉजिस्टच्याच हाती हवा.

ईआर_नाशिक: रात्री दोनला तुम्ही येणार का? गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याच्या भीतीने कॅज्युअल्टीतलं मशीन कुलपात राहतं. रस्त्यावर चिरडलेल्या पुरुषाच्या पोटावर प्रोब ठेवायला लिंगनिदानाचा कायदा आडवा का यावा?

रेडिओ_पुणे: कायद्याला नावं ठेवू नका. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी असा कायदा केला, तरी 2011च्या जनगणनेत बीडमध्ये मुलींचं प्रमाण किती घसरलं होतं ते आठवा. पोर्टेबल मशीन नोंदणीकृत जागेत दाखल रुग्णांसाठी वापरता येतं. नोंदणी करा.

ईआर_नाशिक: मशीनची नोंदणी होईल, माणसाचं काय? सोनोग्राफी करायला एमबीबीएसला 6 महिन्यांचं प्रशिक्षण लागतं. तेवढा काळ कॅज्युअल्टीतल्या कोणाला सोडणार? फास्टच्या चार खिडक्यांसाठी (प्रोब ठेवून बघायच्या चार जागांसाठी) वेगळी, छोटी परवानगी हवी.

रेडिओ_पुणे: आणि त्या पळवाटेतून कोण घुसेल, तेही सांगा!

सर्जन_सोलापूर: मूळ मुद्दा राहिला. बीपी पडलेला आणि फास्ट पॉझिटिव्ह, तर थेट ऑपरेशन थिएटर. एवढं नाशिककरांचं मान्य. स्थिर रुग्णात निगेटिव्ह आलं तरी मार जबर असेल, पोट दुखत असेल, लघवीत रक्त असेल, तर सीटी करायचंच. छातीत भोसकलेल्या रुग्णात डाव्या फुफ्फुसाभोवती रक्त असेल, तर हृदयाभोवती द्रव नाही म्हणून निश्चिंत राहू नका. पेरिकार्डियम (हृदयाभोवतीची पिशवी) फाटून ते रक्त छातीत उतरलेलं असू शकतं.

ईआर_नाशिक: स्थिर रुग्णाचं मान्य. मशीनच्या कुलपाचं नाही.