एमपीएससीला पाच वर्षं झाली, अजून थांबू का नोकरी धरू?

औशाचा_पोरगा
नमस्कार मंडळी, बीएस्सी अ‍ॅग्री करून २०२० ला पुण्यात आलो, आधी सदाशिव पेठ आता नवी पेठ. कंबाइनची, म्हणजे गट ब-क पदांच्या संयुक्त परीक्षेची, पूर्व तीनदा निघाली, मुख्यला एकदा २ मार्कांनी गेलं. वय २८. राज्यसेवा पण २०२५ पासून वर्णनात्मक झाली, मेरिटचे ७ पेपर, १७५० मार्क, इतकी वर्षं पर्याय सोडवणाऱ्या हाताला आता लिहायची सवय लावायची म्हणजे परत पहिल्यापासून सुरुवात. वडील महिन्याला ८ हजार पाठवतात. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता, आमचं आडतीवर ४१०० नं गेलं. तरी फोनवर पैशाचं काढत नाहीत, फक्त "जेवलास का" म्हणतात आणि तेच लई लागतं. बियाण्याच्या कंपनीत फिल्डची नोकरी मिळतेय, २२ हजार. काय करू?

शास्त्री_रोड
भावा मी पाचव्या अटेंप्टला लागलो, पण म्हणून तू थांब असं मी सांगणार नाही. रूमवर चौघं होतो, एकच डबा दोघांत खायचो, अभ्यास सगळ्यांचा सारखाच, लागलो मी एकटा. आणि तारखांचं काय, २०२४ ला राज्यसेवा पूर्व २५ ऑगस्टची १ डिसेंबरला गेली, त्या तीन महिन्यांचं रूमभाडं घरच्यांनीच भरलं ना. नोकरी धर, सकाळी दोन तास लिखाणाला दे. ओपनला पण ३८ पर्यंत वय आहे.

नवी_पेठ_ताई
३८ कागदावर असतं रे. मला घरून २ वर्षं दिली होती, नंतर स्थळं बघायला सुरुवात. अभ्यासिकेत माझ्या टेबलावर "क्लास वन" लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती, सीट सोडताना ती निघेना म्हणून नखानं खरवडली आणि तिथंच रडले. आज बँकेत आहे, पगार माझ्या हातात येतो, धाकट्या बहिणीची फी मी भरते. साहेब व्हायचं होतं ते राहिलं, त्याचं दुःख आहेच, पण घरात माझा शब्द चालतो आता. तुला पाच वर्षं मिळाली, ती वाया गेली असं अजिबात समजू नकोस.

बांधावरून
मी तुझ्या वडिलांच्या वयाचा, माझा पण मुलगा तीन वर्षं पुण्यात होता. जेवलास का विचारणाऱ्या बापाला पोरगं सुकलेलं नको असतं बाळा, एवढंच. त्याला वाटतं आपण पोस्टचं विचारलं तर पोराला वाईट वाटेल आणि तुला वाटतं बाप नाराज आहे. फोनवर नको, गावी जा, समोर बसून सांग.

औशाचा_पोरगा
काका, ताई, दादा, खरंच आभार. आज रात्रीच्या लातूर गाडीचं तिकीट काढलं. कंपनीला सोमवारी कळवतो म्हणलोय. अभ्यासिकेचे पैसे महिनाअखेरपर्यंत भरलेत, पुस्तकं सध्या तिथंच ठेवलीत.