मदत हवी आहे : सीटीच्या प्रतिमा आणि टू-डी इकोच्या चित्रफिती व्याख्यानासाठी कशा तयार कराव्यात?

नमस्कार. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना छातीच्या आजारांवर व्याख्याने देण्याचे काम माझ्याकडे आहे. या विषयातील बरेचसे शिक्षण प्रतिमा पाहण्यातूनच होत असल्यामुळे स्लाइडवरील प्रतिमाच सदोष असेल, तर विद्यार्थ्याची नजर चुकीची घडते, असे मला मनापासून वाटते. नुकत्याच दिलेल्या एका व्याख्यानात तीन गोष्टी बिघडल्या आणि त्यांचे कारण मला नीट समजून घ्यायचे आहे.

फुप्फुसाच्या वरच्या खंडातील ८ मिलिमीटरची ग्राउंड-ग्लास प्रकारची (धुरकट काचेसारखी पुसट दिसणारी) गाठ मला दाखवायची होती. सीटीची डायकॉम फाइल (वैद्यकीय प्रतिमांचे मूळ स्वरूप) उघडून पाहिली तेव्हा ती गाठ स्वच्छ दिसत होती. मग त्याच सॉफ्टवेअरमधून सर्व काप (सीटीतील एकेक आडवा छेद) एकदम जेपीईजी स्वरूपात काढले आणि हवा तो काप क्रमांकावरून निवडून स्लाइडवर ठेवला. वर्गातल्या पडद्यावर मात्र फुप्फुस एकसारखे काळे दिसले. तिथेच प्रतिमा उजळ करून पाहिली, तर ते एकसारखे करडे झाले. गाठ काही दिसली नाही. दोष प्रोजेक्टरचा, जेपीईजीचा की माझ्या पद्धतीचा?

दुसरी अडचण टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, चित्रफितीची. रुग्णाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ११० होते, परंतु एमपी४ केल्यानंतर हृदय इतके संथ चालू लागले की, एका विद्यार्थ्याने ठोके मोजून ५५ सांगितले. शिवाय ट्रायकस्पिड झडपेतून मागे येणारी रक्ताची बारीक धार कलर डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह रंगांत दाखवणाऱ्या प्रतिमेत) रेखीव दिसत होती, तिच्या कडा एमपी४मध्ये पसरट झाल्या.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. सोनोग्राफीच्या प्रतिमेवर छापलेले रुग्णाचे नाव मी स्लाइडमध्ये काळा चौकोन टाकून झाकले होते. ती फाइल विद्यार्थ्यांना दिल्यावर एकाकडून चौकोन चुकून बाजूला सरकला आणि नाव उघडे पडले. फाइल मी ताबडतोब परत घेतली, पण ही चूक माझ्याकडून पुन्हा होता कामा नये. नाव कायमचे काढण्याची खात्रीची पद्धत कोणती?

प्रतिसाद १

फुप्फुस आधी एकसारखे काळे आणि उजळ केल्यावर एकसारखे करडे दिसले, या आपल्या वर्णनातच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. सीटीच्या प्रत्येक बिंदूची घनता हाउन्सफील्ड एककांत नोंदलेली असते; पाणी ० आणि हवा उणे १०००. डायकॉममध्ये हजारो पातळ्या साठवलेल्या असतात, तर साध्या जेपीईजीत करड्या रंगाच्या फक्त २५६ छटा मावतात. त्यामुळे प्रतिमा बाहेर काढताना कोणता पट्टा त्या २५६ छटांत बसवायचा हे ठरवावेच लागते, आणि त्यालाच आपण विंडो म्हणतो. मऊ ऊतींची नेहमीची विंडो रुंदी ४०० आणि मध्य ४० अशी असते, म्हणजे उणे १६० ते अधिक २४०. उणे १६०च्या खालचे सर्व काही त्यात ठार काळे होते. ग्राउंड-ग्लास गाठीची घनता साधारणपणे उणे ६००च्या आसपास असल्यामुळे गाठ आणि तिच्या भोवतीचे फुप्फुस या दोघांनाही एकच आकडा मिळाला, ० हा. पुढे कितीही उजळ केले, तरी दोन शून्यांत फरक निर्माण होत नाही.

आपण संगणकाच्या पडद्यावर फुप्फुसाची विंडो लावून पाहिले असणार, परंतु सर्व काप एकदम काढताना अनेक सॉफ्टवेअर फाइलमध्ये नोंदलेली मूळ विंडोच वापरतात. म्हणून रुंदी १५०० आणि मध्य उणे ६०० अशी विंडो स्वतः लावून तो एकच काप पीएनजीमध्ये (तपशील न गमावता प्रतिमा जतन करणाऱ्या स्वरूपात) काढा आणि काढलेली फाइल पुन्हा उघडून गाठ दिसते का ते तपासा. उजेड असलेल्या वर्गात प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतो, तेव्हा विंडो थोडी अरुंद करून फरक वाढवणेही योग्य ठरते. मात्र तसे केल्याचे स्लाइडवर लिहावे. बाण पहिल्याच स्लाइडवर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. विद्यार्थ्याला आधी शोधू द्यावे आणि बाण त्याच प्रतिमेच्या दुसऱ्या स्लाइडवर द्यावा.

इकोबाबत : दोन फ्रेममधील अंतर डायकॉमच्या हेडरमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागात) मिलिसेकंदांत दिलेले असते. ते २० असेल तर सेकंदाला ५० फ्रेम होतात. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याच फ्रेम सेकंदाला २५ या वेगाने मांडल्या, तर ११०चे नेमके ५५ होतात. वेग हाताने द्या आणि तयार चित्रफितीतील ठोके घड्याळ लावून ईसीजीच्या आकड्याशी ताडून पाहा. कडा पसरण्याचे कारण असे की, एमपी४मधील एच.२६४ या चित्रफीत आक्रसण्याच्या पद्धतीत उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूची ठेवली जाते, पण रंगाची माहिती सहसा चार बिंदूंत मिळून एकदाच. यावर सोपा उपाय म्हणजे रूपांतरापूर्वी चित्रफीत दोन्ही दिशांनी बरोबर दुप्पट मोठी करणे, म्हणजे मूळच्या प्रत्येक बिंदूला रंगाची स्वतंत्र नोंद मिळते.

नावाच्या बाबतीत नियम एकच : स्लाइडमध्ये काहीही झाकू नये. चौकोन सरकतो, आणि स्लाइडमध्ये छाटलेला भागही फाइलमध्ये आत शिल्लक राहतो व परत आणता येतो. प्रतिमा-संपादकात नावाचे बिंदूच काळे करून नवी पीएनजी जतन करावी आणि तीच स्लाइडवर घ्यावी. फाइलच्या नावात रुग्णाचे नाव किंवा क्रमांक नसावा. मूळ डायकॉम कोणाला द्यायची असेल, तर हेडरमधील नाव, जन्मतारीख, क्रमांक आणि उत्पादकाच्या खासगी नोंदीही पुसाव्या लागतात. डोक्याच्या बारीक कापांच्या सीटीतून तर चेहराच त्रिमितीत उभा करता येतो, याचे भान ठेवावे.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. एकच काप दाखवल्याने गाठ आणि आडवी कापली गेलेली रक्तवाहिनी यांतला फरक शिकवता येत नाही, कारण तो वर-खाली सरकतानाच कळतो. गाठीच्या वरचे आणि खालचे मिळून तीसएक काप एकाच विंडोत काढून सेकंदाला ८ ते १० फ्रेमची चित्रफीत करावी आणि ती स्लाइडमध्ये समाविष्ट करावी. ती केवळ जोडलेली असेल, तर दुसऱ्या संगणकावर सापडत नाही.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फाइलमध्ये नोंदलेली विंडो ४०० आणि ४० हीच निघाली, आणि इकोच्या फ्रेममधील अंतर २० मिलिसेकंदच होते. नव्या पीएनजीत गाठ वर्गातल्या शेवटच्या बाकावरूनही दिसते, हे आज स्वतः तिथे बसून पाहिले. जुन्या काही व्याख्यानांच्या केवळ जेपीईजी प्रती माझ्याकडे उरल्या आहेत. त्यांतील हरवलेल्या छटा परत मिळणार नाहीत हे आता समजल्यामुळे मूळ डायकॉम फाइली पुन्हा मागवण्यासाठी उद्याच क्ष-किरण विभागाकडे अर्ज देत आहे. झाकलेल्या नावांच्या सर्व जुन्या स्लाइड तोवर वापरातून काढल्या आहेत.