भोपाळ: आकडा आधी ठरला, आजारी माणसं नंतर मोजली

वालधुनी

भोपाळच्या तडजोडीबद्दल मतं हवी आहेत. माझ्याशी न जुळणारी आधी मांडा.

14 मार्च 2023 रोजी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने केंद्र सरकारची क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विचारानंतरची शेवटची याचिका, फेटाळली. सरकारने 2010 मध्ये युनियन कार्बाइडकडून आणखी 7,844 कोटी रुपये मागितले होते. तेव्हापासून "मिळालं ते मिळालं, आता किती उकरायचं" असं बरीच चांगली माणसंही म्हणताना ऐकतो. मला ते पटत नाही.

ज्यांना तपशील आठवत नसेल त्यांच्यासाठी: 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री कार्बाइडच्या कारखान्यातल्या 610 नंबरच्या टाकीतून साधारण चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे मिक वायू, सुटला. 1985 मध्ये संसदेने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा हक्क एकट्या केंद्र सरकारकडे घेतला. सरकार अमेरिकेत गेलं. न्यूयॉर्कचे न्यायाधीश कीनन यांनी मे 1986 मध्ये "हा खटला भारतातच चालवा" म्हणून परत पाठवलं. मग भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दावा लागला, मागणी तीन अब्ज डॉलरच्या वर. आणि फेब्रुवारी 1989 मध्ये सुप्रीम कोर्टात 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. तेव्हाचे सुमारे 715 कोटी रुपये. ज्यांच्या छातीत तो वायू गेला त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तडजोड झाली तेव्हा हिशेबात धरले होते साधारण 3,000 मृत्यू आणि 50,000 किरकोळ इजा. दावे निकाली काढण्याचं काम 1992 मध्ये सुरू झालं. शेवटी मृत्यूचे 5,295 दावे मंजूर झाले आणि किरकोळ इजेचे 5,27,894. दहापट! हे आकडे कुठल्या आंदोलनाच्या पत्रकातले नाहीत, केंद्र सरकारने स्वतः कोर्टापुढे ठेवलेले आहेत.

आधी थैलीला गाठ मारली आणि मग किती हात पुढे येतात ते मोजलं. पुढे दावे तपासणाऱ्यांवर एकच दडपण राहिलं, माणसाला खालच्या वर्गात बसवायचं. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांच्या हाती किमान रक्कम पडली: 25,000 रुपये, त्यातूनही अंतरिम मदत म्हणून आधी दरमहा दिलेले दोनशे रुपये वजा. रक्कम कमी होती हे तर खरंच, पण त्याआधीची चूक क्रमाची आहे असं मी मानतो.

कायदेवाचक

असहमत, आणि जरा सविस्तर लिहितो.

1989 मध्ये दुसरा रस्ता काय होता ते बघा. डिसेंबर 1987 मध्ये भोपाळच्या जिल्हा न्यायाधीशांनी 350 कोटींची अंतरिम भरपाई मंजूर केली. कंपनी हायकोर्टात गेली. एप्रिल 1988 मध्ये हायकोर्टाने ती 250 कोटींवर आणली. तरी कंपनी सुप्रीम कोर्टात गेलीच. दुर्घटनेला चार वर्षं उलटली होती, मूळ खटल्यात पुरावा सुरूही झाला नव्हता आणि अंतरिम रकमेवरच तिसरं कोर्ट चालू होतं. कंपनीचा बचाव तयार होता: कुणीतरी मुद्दाम टाकीत पाणी सोडलं, घातपात आहे. शिवाय कारखाना भारतीय कंपनीचा, अमेरिकेतली कंपनी निव्वळ भागधारक. यातला प्रत्येक मुद्दा तिन्ही कोर्टांत लढला गेला असता, आणि जिंकल्यावर ती डिक्री घेऊन वसुलीसाठी पुन्हा अमेरिकेतच जावं लागलं असतं.

कंपनीचं काय चाललं होतं तेही विसरू नका. 1986 मध्ये तिने बॅटऱ्यांचा धंदा विकून टाकला. आणखी दहा वर्षं थांबलो असतो तर वसूल कशातून करणार होतो?

"आधी सगळ्यांना तपासा, मग रक्कम ठरवा" हे ऐकायला न्याय्य आहे. पण विधवा बाईला घरभाडं या महिन्यात द्यायचं असतं. कोर्टाने मे 1989 मध्ये सविस्तर कारणंही दिली. मोटार अपघातात तेव्हा जी भरपाई मिळायची तिच्याशी तुलना केली आणि त्याहून जास्त धरली. त्या वेळच्या मापाने तो आकडा अगदीच हवेतला नव्हता.

मुळामुठा

कायदेवाचक यांच्याशी सहमत. आणखी एक प्रश्न कुणी विचारत नाही. 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने उरलेले सुमारे दीड हजार कोटी रुपये त्याच लोकांना पुन्हा वाटायला सांगितले. सगळ्यांना देऊनही निम्मा पैसा शिल्लक राहिला, तर रक्कम अपुरी होती असं कशावरून म्हणायचं?

वालधुनी

मुळामुठा, शिल्लक कशी राहिली ते बघू या. पैसे डॉलरमध्ये आले आणि रिझर्व्ह बँकेत राहिले. 1989 मध्ये डॉलर पंधरा रुपयांच्या आसपास होता, 2004 मध्ये पंचेचाळीसच्या. वर व्याज. या पंधरा वर्षांत दूध, भाडं, औषध सगळं कितीतरी पटींनी वाढलं, पण दावेदाराचे 25,000 मात्र 25,000 च राहिले. वाटप जितकं उशिरा आणि जितकं थोडं, तितकी शिल्लक मोठी. ती शिल्लक रकमेच्या पुरेपणाचा पुरावा कशी होईल? लोक वाट बघत बसले त्याचं ते मोल आहे.

बरं, दुसऱ्यांदा मिळाले तेही मूळ रकमेइतकेच. म्हणजे बहुतेकांचे वीस वर्षांत एकूण पन्नास हजार.

कायदेवाचक, बॅटऱ्यांच्या धंद्याचं बरोबर आहे. पण नोव्हेंबर 1986 मध्ये कंपनीने भोपाळच्या न्यायालयाला तीन अब्ज डॉलरची मालमत्ता राखून ठेवण्याची हमी दिली होती. वसूल कशातून करणार याचं उत्तर तिथे होतं.

नर्मदाकाठ

मी भोपाळची. आमच्यासारखी मराठी घरं तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नव्वदच्या दशकात छोला आणि काझी कॅम्पकडच्या बायकांचे अर्ज भरून द्यायला आम्ही काही जणी जायचो. त्या अनुभवावरून दोन गोष्टी सांगते.

दावा कागदावर चालायचा. त्या रात्री तुम्ही त्या वस्तीत होतात याचा पुरावा हवा आणि वायूमुळेच आजारी पडलात याचाही. रेशन कार्डावर नाव "मुन्नी", दवाखान्याच्या चिठ्ठीवर सासरी ठेवलेलं नाव, मतदार यादीत तिसरंच. तीन कागद, तीन बायका. ज्या घरातली सगळी माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी पळाली, त्यांनी चिठ्ठ्या कुठून जपून ठेवाव्यात? एका घरात दाराच्या आतल्या बाजूला खडूने दाव्याचा क्रमांक लिहिलेला होता, हरवू नये म्हणून. पावसाळ्यात पुसट झाला की मुलगा त्यावर परत गिरवायचा. त्या बाईला जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. तिच्या फाइलवर शेरा होता "तात्पुरती इजा". तपासणी झाली त्या दिवशी तिला बरं वाटत होतं, एवढंच.

दुसरं औषधाचं. वायू सुटला त्या हिवाळ्यात सोडियम थायोसल्फेटचं (सायनाइडच्या विषावरचा उतारा) इंजेक्शन द्यावं की नाही यावर डॉक्टर आणि अधिकाऱ्यांमध्ये वाद चालला होता. शरीरात नेमकं काय गेलं हेच धड ठरलेलं नव्हतं. ज्या विषाचा अंमल डॉक्टरांना सांगता येत नव्हता, तो तिने दाखल्यानिशी सिद्ध करायचा होता.

कायदेवाचक, घरभाड्याचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. दोनशे रुपये सुरू झाले तेव्हा बँकेबाहेर पहाटेपासून रांग असायची आणि त्या दोनशेत घरं चालली. पण दोनशे सुरू झाले 1990 मध्ये आणि भरपाई हाती पडायला त्यापुढे कित्येक वर्षं गेली. तडजोड केली म्हणून लवकर मिळालं असं निदान आमच्या वस्त्यांत तरी झालं नाही.

मुळामुठा

नर्मदाकाठ ताई, तुमचा अनुभव मी खोडत नाही. पण कागद मागितला नसता तर काय झालं असतं? दहा लाखांहून जास्त दावे आले. तेव्हाच्या भोपाळची लोकसंख्यासुद्धा तेवढी नव्हती. छप्पन्नपैकी छत्तीस वॉर्ड वायुग्रस्त ठरले, वीस ठरले नाहीत. सरकारी पैसा वाटताना चाळणी लावावीच लागते, नाहीतर खऱ्या पीडिताचा घास दुसराच खातो.

नर्मदाकाठ

दलाल होते, खोटे दावेही होते. चाळणी नको असं मी म्हणतच नाही, आणि साडेचार लाखांच्या आसपास दावे नाकारले गेलेच. पण ती चाळणी दलालाला अडवत नव्हती हो. त्याच्याकडे सगळे कागद तयार असत. अडायची ती एकटी राहणारी, अंगठा उठवणारी बाई. त्या रात्री कोण कुठे राहत होतं हे दारोदार जाऊन 1985 मध्येच लिहून घेतलं असतं, तर पुढे तिच्याकडे पुरावा मागायची वेळच आली नसती.

पाचगाव

अमेरिकेत राहतो, म्हणून इथलं एक उदाहरण देतो. व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या एजंट ऑरेंजबद्दल माजी सैनिकांनी रासायनिक कंपन्यांवर सामूहिक दावा लावला होता. मे 1984 मध्ये, खटला सुरू व्हायच्या तोंडावर, 18 कोटी डॉलरवर तडजोड झाली. भोपाळच्या सात महिने आधी. पैसे वाटून संपायला 1997 उजाडलं. जवळपास निम्मे अर्ज नामंजूर झाले आणि ज्यांना मिळालं त्यांच्या वाट्याला सरासरी 3,800 डॉलर आले. अमुक आजार अमुक रसायनामुळेच झाला हे सिद्ध करणं तिथेही कुणाला जमत नव्हतं, म्हणून न्यायाधीशांनी दुसरा निकष लावला: फवारणीच्या भागात होतात का, आणि आज पूर्ण अपंग आहात का. कारण विचारलं नाही.

रक्कम तुटपुंजीच होती. पण अर्जदारावरचा पुराव्याचा भार कमी करता येतो, हे त्यातून दिसतं. आणि हे भोपाळच्या दाव्यांच्या आधी घडलेलं आहे.

कायदेवाचक

पाचगाव, माहितीबद्दल आभार. पण हे माझ्याच बाजूचं आहे असं मला वाटतं. वकिलांची फौज असलेल्या सैनिकांनासुद्धा अमेरिकेत तडजोडच करावी लागली, आणि वाटपाला तेरा वर्षं लागली.

वालधुनी, तुम्हाला सरळ विचारतो. फेब्रुवारी 1989 मध्ये तुम्ही सरकारचे वकील असतात आणि समोर 47 कोटी डॉलर ठेवले असते, तर नाही म्हणाला असतात?

वालधुनी

घेतले असते. पण "अंतिम" म्हणून घेतले नसते.

पहिलं, हायकोर्टाने मंजूर केलेले 250 कोटी आधी वाटायला लागले असते, म्हणजे घरभाडं भागलं असतं. दुसरं, सही करण्यापूर्वी पीडितांच्या संघटनांना कोर्टात उभं केलं असतं. हे माझ्या मनचं नाही. डिसेंबर 1989 मध्ये, 1985 चा तो कायदा वैध ठरवताना, सुप्रीम कोर्टानेच म्हटलं की तडजोडीआधी पीडितांचं ऐकून घ्यायला हवं होतं. आणि तिसरं, त्या तडजोडीत फौजदारी खटले मिटवायचं कलम मी कधीच मान्य केलं नसतं. तेही ऑक्टोबर 1991 मध्ये कोर्टालाच मागे घ्यावं लागलं. तेव्हा लोक रस्त्यावर उतरले नसते, अब्दुल जब्बार यांच्यासारख्यांनी बायकांची संघटना उभी करून वर्षानुवर्षं धरणं धरलं नसतं, तर 2010 मध्ये जी दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली तीसुद्धा झाली नसती.

मुळामुठा

पण "अंतिम नाही" अशा कागदावर कुठली कंपनी सही करेल? पैसे ती याचसाठी देते की विषय मिटावा. पुन्हा उघडता येणारी तडजोड म्हणजे तडजोडच नव्हे, आणि 2023 मध्ये कोर्टाने हेच सांगितलं. फसवणूक झाली असेल तरच ती मोडता येते, वीस वर्षांनी आकडा पटत नाही म्हणून नाही.

वालधुनी

कंपनीपुरतं हे मी मान्य करतो. 2023 चा निकाल कायद्याच्या अंगाने समजण्यासारखा आहे. पण 1991 च्याच निकालात आणखी एक वाक्य आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं: रक्कम कमी पडली तर तूट भारत सरकारने भरून द्यायची. शिवाय तेव्हा ज्यांना लक्षणं नव्हती त्यांच्यासाठी आणि पुढे जन्मणाऱ्या मुलांसाठी, सुमारे एक लाख जणांचा वैद्यकीय विमा उतरवायला सांगितलं होतं. तो उतरवलाच नाही. 2023 मध्ये याच गोष्टीवरून घटनापीठाने सरकारला निष्काळजीपणाबद्दल फटकारलं आहे. याचिका फेटाळली गेली म्हणजे लोकांचा हक्क संपला असं होत नाही. कंपनीकडचं दार बंद झालं, सरकारकडचं उघडं आहे. मी म्हणतो ते या दाराबद्दल.

कायदेवाचक

या मुद्द्यावर मी तुमच्याबरोबर आहे. 1989 ची तडजोड तेव्हा अटळ होती हे माझं मत कायम ठेवून सांगतो: विम्याचं कलम न पाळणं याला कसलाही बचाव नाही.

खंबाळपाडा

विषय थोडा बाजूला नेतो. आमच्या डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 ला मोठा स्फोट झाला, नंतर 23 मे 2024 ला पुन्हा. दोन्ही वेळा पंचनामे झाले ते काचांचे, पत्र्यांचे, दारांचे. ज्यांनी तो धूर घेतला त्यांची नोंद निदान आमच्या गल्लीत कुणी केली नाही. असं काही झालं तर माणसाने स्वतः काय जपून ठेवावं?

नर्मदाकाठ

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि केसपेपर काढा. त्रास थोडा असला तरी. कागदावर तारीख, राहण्याचा पत्ता आणि "धुरामुळे" किंवा "वायूमुळे" असं डॉक्टरांच्या हातचं लिहून घ्या, नुसतं "खोकला" नको. नाव आधार कार्डावर आहे तसंच लिहायला लावा. घरातल्या प्रत्येकाचा पेपर वेगळा, लहान मुलांचासुद्धा. भोपाळमध्ये मुलांचे कागद आईच्या पेपरवर "सोबत दोन मुले" एवढ्यावर राहिले आणि मोठेपणी त्यांना काहीच दाखवता आलं नाही. सहा महिन्यांनी परत तपासणी करून घ्या आणि तो कागद पहिल्याला टाचून ठेवा. आणि भरपाई म्हणून कुणी पावतीवर सही मागितली, तर ती काचांची आहे की प्रकृतीची, हे वाचून मगच करा. "सर्व हक्क सोडले" असं कुठे छापलं असेल तर सही न करता कागद घरी आणा आणि वकिलाला दाखवा.